शिर्केकाकांची शीळ

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुसाट सुटली की शिर्केकाका डाव्या हाताचं बोट वर करून विचारायचे, "शीळ आली ने?" मी "आली" म्हटलं की बोट खाली यायचं.

निजामपुऱ्याच्या गुजराती वस्तीत ते आमचे मराठी शेजारी. कोयलीकडच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर त्यांची हयात गेली. कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगून थकले, पण काका ऐकतील तर शपथ. "मशीन कानाने कळतं," ते म्हणायचे. "माणूस खोटं बोलेल, मशीन नाही बोलणार." त्या हट्टापायी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. नेमकी त्याच पट्टीत त्यांच्या गाडीतल्या टर्बोची शीळ होती.

गाडी म्हणजे एका परदेशी इंजिनिअरने मायदेशी जाताना विकलेली, दोन दारांची लाल स्पोर्ट्‌स कार. काकांनी आठ वर्षं खपून तिचं सायलेन्सरपासून सीटपर्यंत सगळं बदललं आणि इंजिनला जोर वाढवणारा टर्बो बसवला. रोज सकाळी ते मला तिच्यातून शाळेत सोडायचे. मुलं फाटकाशी जमायची आणि मी, व्याकरण शिकवणारी बाई, उगीचच ताठ मानेनं उतरायची.

पुढे कान आणखी गेले, आणि एकदा ट्रकचा हॉर्नही काकांना ऐकू आला नाही. थोडक्यात वाचलो. काकूंनी त्याच दिवशी गाडी विकायचं फर्मान काढलं. "विकीन," काका म्हणाले. "पण मोडणाऱ्याला नाही देणार. चालवणारा पाहिजे." येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न टाकायचं, "काका, एवरेज केटली आपे?" लिटरला किती पळते, एवढीच त्यांना चिंता. काका त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. "लग्नाला आलाय आणि पत्रावळी मोजतोय," असं वर मला सांगायचे.

त्याच दिवसांत शीळ बदलली. फळ्यावर खडू करकरावा तशी किरकिर तिच्यात आली. मला ती स्पष्ट ऐकू येत होती. काका रोज विचारायचे, "स्वच्छ आहे ने?" आणि मी म्हणायची, "स्वच्छ." त्यांचं मन मोडवत नव्हतं, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की काकांनी गाडी खोलली असती तर महिनाभर मला उन्हात रिक्षा शोधावी लागली असती.

शेवटी आणंदहून एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी एवरेज विचारलं नाही. बॉनेट उघडून नुसते बघत राहिले. काका इतके खुशीत आले की चहा द्यायचाच विसरले. आम्ही फेरी मारायला निघालो, मी मागच्या एवढ्याशा सीटवर पाय दुमडून. दुसरा गिअर पडला, बोट वर झालं.

"स्वच्छ आहे ने?"

"स्वच्छ," मी सवयीनं म्हणाले.

डॉक्टरांनी चमकून मागे पाहिलं. "बेन, बेरिंग तो गयुं. आ अवाज क्यारनो आवे छे?"

काकांना ते ऐकू गेलं नाही. "काय म्हणतात?" त्यांनी आरशातून मला विचारलं. बेरिंग गेलंय, आणि हा आवाज कधीपासून येतोय असं विचारतायत, हे मला ओरडून सांगावं लागलं.

"कधीपासून?" काका म्हणाले.

"दिवाळीपासून."

तेव्हा होळी होऊन गेली होती.

वेळीच कळलं असतं तर टर्बोच्या एका बेरिंगवर भागलं असतं. आता धातूचा चुरा इंजिनात पोचला होता. डॉक्टर हळहळत परत गेले. गाडी अखेर एका एवरेजवाल्यानेच नेली. तो तिला डिझेलचं इंजिन बसवणार होता. जुनं इंजिन टर्बोसकट काकांनी स्वतःच्या हातांनी उतरवून दिलं.

पुढे एकदा मी त्यांच्याकडे बसले होते. कुकर लावून काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की यांना सांग, गॅस बंद करतील."

मी नीट मोजल्या. "काका, तीन झाल्या," मोठ्यानं म्हटलं.

"हो," काका म्हणाले. मग उठले, मागच्या दारापर्यंत गेले आणि त्यांनी काकूंना विचारलं, "अगं, किती झाल्या?"