दहा दिवसांचे भन्ते

आज भांडुपच्या विहारामागे दोरीवर वाळणारं भिक्खूचं चीवर दिसलं आणि पाय थबकले.

ब्याऐंशी साल असेल. बाबांनी इथेच दहा दिवसांची श्रामणेर दीक्षा घेतली होती. डोक्याचा गोटा, अंगावर ओलसर वासाचं केशरी चीवर. "आता बाबा नाही, भन्ते म्हणायचं," आजीनं मला बजावलं होतं आणि स्वतःच्या लेकापुढे ती आधी वाकली होती.

मग भोजनदानाला आई पुढे झाली. "भन्ते, वरण वाढू?"

घरी तिला "ए, ऐकू येत नाही का?" म्हणून खेकसणारे बाबा मान खाली घालून म्हणाले, "वाढा, उपासिके."

मला हसू फुटलं. आईनं चिमटा काढला, पण तिचेच डोळे भरले होते.

दहा दिवसांनी चीवर उतरलं. बाबा पुन्हा कारखान्यात जाऊ लागले, आम्हा पोरांवर ओरडू लागले. पण आईला परत कधी "ए" केलं नाही. शेवटपर्यंत "सुमनबाई, जेवलात का?" शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. आई मात्र ऐटीत ओ द्यायची.

मी दोरीवरच्या त्या ओल्या चीवरालाच हात जोडले.