कैलासामागची बेडरूम

“साहेब, माझी बेडरूम गेली कुठे?”

बँकेच्या लोन सेक्शनमध्ये कांबळे मला विचारत होते. मी व्हॅल्युअर. तुम्ही घर घेता तेव्हा बँक टेप घेऊन ज्याला पाठवते, आणि ज्याच्या आकड्यावर तुमचं लोन ठरतं, तो माणूस. कांबळे चारकोपचा सावंतांचा फ्लॅट घेत होते. सौदा वन बीएचकेचा. माझ्या रिपोर्टात एकच खोली आणि किचन. व्हॅल्युएशन पडलं, लोन कापलं गेलं.

“घाटकोपरची रूम सोडतो म्हणून मालकाला सांगून बसलोय,” कांबळे म्हणाले. “आता पोराबाळांना घेऊन जिन्यात राहू?”

“मी साइटवर जे दिसलं तेच लिहिलंय,” मी म्हणालो. ते खरं होतं. तीच तर गोची होती.

सावंत उसळले. “ओ कांबळे, किंमत पाडायला नाटकं नका करू. मी रोज झोपतो त्या बेडरूममध्ये!”

“मग साहेबांना दिसली कशी नाही? शेजारणीला विकलीत ना?”

ही शेजारणीची आयडिया माझी. प्लॅनमध्ये खोली आहे, जागेवर नाही, म्हणून मी बेधडक लिहिलं होतं, ‘आतली खोली शेजारच्या फ्लॅटला जोडलेली दिसते.’

लोनच्या शिरोडकर मॅडमनी फाइल मिटली. “आजच रीव्हिजिट करा. दोघांना घेऊन जा. बेडरूम सापडली तर मला फोटो टाका.”

रिक्षात मी मध्ये बसलो. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शिव्या माझ्यामार्फत जात होत्या.

सावंतांनी घर उघडलं. हॉलच्या समोरच्या भिंतीत दार होतं. हिरवंगार. पुरुषभर उंच.

पहिल्या व्हिजिटला तिथे कैलास पर्वत होता. गणपतीचे दिवस. पुठ्ठ्याचे डोंगर, कापसाचा बर्फ, थेट छतापर्यंत. बसलेला गणपती विसर्जनाआधी कोण हलवतो? मीही मालवणचा, हलवा म्हणायची छाती नव्हती. पण मागे काय आहे, एवढं तरी विचारायचं! कैलासाच्या कडेच्या पडद्यातून सावंतांची आई मोदक घेऊन आली. मग सावंत टॉवेलवर बाहेर आले, मला बघून परत पर्वतात शिरले. तरी माझी ट्यूब पेटली नाही. मी सातव्या मोदकावर होतो.

“तुम्ही ते मोदकवाले साहेब ना?” आई म्हणाल्या. “आज पोहेच आहेत हां.”

कांबळे बेडरूममध्ये उभे राहून भिंतींना हात लावून बघत होते. “आहे की हो! सॉरी, सावंत.”

“ते ठीक आहे. पण तेव्हा दिसली कशी नाही?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

“टेक्निकल कारणं असतात,” मी म्हणालो.

नव्या रिपोर्टात लिहिलं, ‘दुसऱ्या भेटीत अधिक क्षेत्र मोजणीसाठी उपलब्ध झाले.’ व्हॅल्युएशन वर आलं, लोन पूर्ण मिळालं, कांबळे राहायला आले. सावंतांनी पेढे दिले. मी घेतले.

मग कळलं, शेजारणीनेच ‘खोली आमची’ अशी बँकेत चुगली केली असं धरून आईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सेक्टर वसला तेव्हापासूनची मैत्रीण. माझ्या एका ओळीपायी दोघी एकमेकींना तोंड दाखवेनात, आणि मी काही वर्षं गप्प. दर गणपतीला मोदक घशाखाली उतरेना.

गेल्या महिन्यात सावंतांच्या नव्या घरी आईंना गाठलं, सगळं ओकलो. कैलास, पडदा, टॉवेल, सात मोदक.

आई म्हणाल्या, “सात नाय ओ. नऊ खाल्लेलात. मी मोजत होते.”

मग त्यांनी मैत्रिणीला फोन लावला. पहिलं वाक्य, “अगो, तो मेला व्हॅल्युअरच बावळट निघाला.” दोघी तासभर हसल्या. मी समोरच बसलो होतो.

आता कुठल्याही घरात मखर दिसलं की आधी हात जोडतो, मग विचारतो, “बाप्पाच्या मागे किती खोल्या?” मोदक मोजून झाल्यावर.