कुकऱ्यांची सुट्टी

खंडेनवमीला गोरेगावजवळ आमची जीप पंक्चर झाली. समोरच्या घरातल्या निवृत्त फौजींनी मला आत बोलावलं. पाटावर घरातल्या सगळ्या सुऱ्या-विळ्या-कोयत्यांशेजारी हळदीकुंकू लावलेल्या वाकड्या पात्याच्या सात नेपाळी कुकऱ्या मांडल्या होत्या. म्हणाले, "सांगा ताई, तुमच्या आवडीची कोणती?"

साडीच्या दुकानात होतं तसंच माझं झालं. ही घेऊ, ती घेऊ, पुन्हा पहिली. ते मिशीतल्या मिशीत हसत होते. शेवटी मी म्हशीच्या शिंगाच्या मुठीवर बोट ठेवलं.

"बराबर. मलाबी हीच आवडते."

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं अख्खी पपई आणली.

"हिनंच कापू या ना?" मला धीर निघेना.

"न्हाई. आज ती पूजेत हाये. मला फौजेत दसऱ्याची सुट्टी कधी भेटली न्हाई, तिला तरी भेटू द्या."

आणि सात कुकऱ्यांसमोर त्यांनी पपई गुडघ्यावर फोडली.