गार गाडी

माझ्या सख्ख्या भावाबद्दल, म्हणजे दादाबद्दल, धाराशिवकडच्या आमच्या वाशीत कुणालाही विचारा, लई चांगला माणूस म्हणतील. म्हणू देत. त्यांना कुणाला भर उन्हाळ्यात त्याच्या गाडीत मागं बसावं लागलं न्हाय. मी बसले, आबांना घेऊन.

आबा म्हणजे आमचे वडील. दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी अन् शुक्रवारी डायलिसिसला धाराशिवला न्यावं लागायचं, म्हणून मी सासरहून येऊन राहिले होते. त्यांना पाणी घोट-घोटच द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ऊन लागलं की तहान लागायची, अन् तहान लागली की आबा माझ्या तोंडाकडं बघायचे. माझं मागणं एवढंच होतं, की त्यांना गार गाडीतनं न्यावं.

गाडीला एसी होता. पण उन्हाळा लागायला अन् कॉम्प्रेसर जाम व्हायला एकच गाठ पडली. मेस्त्रीनं छोटा पट्टा टाकून, कॉम्प्रेसरला वगळून गाडी चालती करून दिली. नवा बसवून घ्या, म्हणाला. परवडत नव्हतं अशातला भाग न्हाय.

"राहू दे," दादा म्हणाला. "उन्हात रापलेलं अंग हाय आबांचं. त्यांला एसी बाधंल."

सीटांवर शोरूमचं प्लॅस्टिक तसंच होतं. आमच्याकडं ते काढत न्हाईत, सीट नवी राहती म्हणून. आबांचा सदरा त्याला चिकटायचा. काचा उघडल्या की तोंडावर झळा. मी रुमाल ओला करून त्यांच्या ओठांवर ठेवायचे, तर ते तो चोखायचे. माझा बाप मागं रुमाल चोखायचा, अन् पुढं हा फोनवर गप्पा हाणायचा.

मग दादाच्या पोरीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. त्यांना धाराशिव स्टेशनवरनं आणायचं होतं. झालं, लगेच नवा कॉम्प्रेसर बसला, गॅस भरला, प्लॅस्टिकसुद्धा टराटरा फाडून काढलं.

पाहुणे यायच्या सकाळी दादा एसी लावून बघत होता. आबा काठी टेकत गेले अन् मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. "बाई, माळवदाच्या घरात गारव्याला बसल्यागत वाटतंय," मला म्हणाले.

"आबा, उतरा तुमी," दादा म्हणाला. "सीटला औषधाचा वास लागंल."

आबा "बरं" म्हणाले अन् उतरले. त्या एका "बरं"साठी मी दादाला जन्मात माफ करणार न्हाय.

वार मंगळवार होता. आबा अन् मी एसटीनं गेलो. दुपारी मशिनवरच त्यांचा जीव गेला.

पाहुण्यांना वाटेला लावून दादा दवाखान्यात आला. आधी त्यानं मागच्या सीटवर प्लॅस्टिक अंथरलं, मग आबांना आत घेतलं. डोकं माझ्या मांडीवर. गाडी सुरू केली अन् त्यानं एसी फुल्ल केला.

"भावकी जमंस्तोवर ठिवायचंय त्यांला," म्हणाला.

मी पुढं वाकून एसी बंद केला.

"बाधंल त्यांला," मी म्हणाले. "उन्हात रापलेलं अंग हाय."

त्यानं एसीला परत हात लावला न्हाय. काचाही खाली घेतल्या न्हाईत. येरमाळ्याचा घाट आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत घाम उतरत होता. पुसायला काहीतरी दे म्हणून त्यानं हात मागं केला. आबांचा ओला रुमाल माझ्या मुठीत होता. मी दिला न्हाय.