देवराव मास्तरांची परीक्षा

चामोर्शीकडे मुलगी पाहायला येणारे पाहुणे गेली कित्येक वर्षं देवराव मास्तरांना बरोबर घेऊन येतात. नोकरीवाल्या मुलांना इंग्रजी येणारी बायको हवी असते, आणि इंग्रजी तपासणारा माणूस आसपास हा एकच. मास्तरांना जेवण मिळतं, मान मिळतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत ते प्रश्न विचारतात. बोलताना तपकिरी थेंब सदऱ्यावर उडतात.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीला, मनकर्णाला, पाहायला सिरोंच्याचे लोक आले, तेव्हाही बरोबर मास्तरच होते. मॅट्रिकपर्यंत तिला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मावशीला हायसं वाटलं. मुलगा लग्नानंतर मनकर्णाला बी.ए. करू देणार होता. तिला हे स्थळ त्यासाठीच हवं होतं.

मास्तरांनी ठेवणीतला प्रश्न काढला: 'टेक' आणि 'गेट' यांत फरक काय? मनकर्णा शांतपणे सांगत गेली. टेक म्हणजे घेणं, नेणं, वेळ लागणं, कुणाचं बोलणं सोसणं. गेट म्हणजे मिळणं, पोचणं, कळणं, म्हातारं होणं, ओलं होणं. मग म्हणाली, टेकमध्ये बहुतेक वेळा माणूस स्वतः हात पुढे करतो. गेटमध्ये पुष्कळदा आपोआप घडून येतं. मास्तरांची मान डोलत होती.

नंतर ते मुलाच्या वडिलांबरोबर अंगणात गेले. परत आल्यावर वडिलांनी उरलेला लाडू तोंडात टाकला आणि सांगितलं, मुलगी गुणी आहे, पण मास्तरांच्या मते इंग्रजीचा पाया कच्चा आहे. पाहुणे एसटी गाठायला निघाले. मास्तर मागे राहिले, ओसरीवर प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत.

मनकर्णा त्यांच्यासमोर उभी राहिली. "सर, माझा पाया तुम्हीच घातला न? मग कच्चा कसा राह्यला?"

मास्तर हसले. दातांच्या फटीत सुपारी अडकली होती. "काऊन मनावर घेतेस पोरी? तुझं काहीच चुकलं नाई. त्यायले गोरी पोरगी पाहिजे होती. रंगाचं तोंडावर कसं बोलाव? इंग्रजीचं बोलता येते."

हे ते मायेनं बोलले, समजावणीच्या सुरात. मला त्या मायेचीच शिसारी आली. मग ते भिंतीच्या बुडाशी थुंकले, बोटं सदऱ्याला पुसली आणि चूळ भरायला पाणी मागितलं.

मावशी उठायला लागली. मनकर्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मास्तर खर्र्यानं बरबटलेल्या तोंडानं ओसरीवर वाट पाहत राहिले. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.