उष्टी हळद आणि करडी भिंत

हसायचं नाही अशी शपथ घ्या, मगच सांगतो. आणि तो चहाचा कप खाली ठेवा आधी, अंगावर उडेल!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी बर्लिनला चित्रं काढतो. काढतो म्हणजे काढतच बसतो, घेत कोणी नाही. पोट भरतं ते एका हॉटेलात भांडी घासून. बर्लिनचा एक गॅलरीवाला कानीकपाळी ओरडतो, "अरे, लोकांना आवडेल असं काहीतरी काढ!" पण आम्ही पडलो तत्त्वाचे. कोणी सांगितलं म्हणून काढायचं नाही म्हणजे नाही!

तर उन्हाळ्यात कोल्हारला आलो, आत्याच्या सोनालीच्या लग्नाला. बॅग खाली ठेवतोय तोच आत्या म्हणाली, "बरं झालं बाबा आलास. दारापुढची भिंत रंगव. मधी गणपती, दोन बाजूंला हत्ती, अन् नवरा-नवरीचं नाव."

आपल्याकडे लग्नघर ओळखतात ते या भिंतीवरून. मला काय माहीत नव्हतं? होतं हो! पण हत्ती? मी? बर्लिनचा चित्रकार?

मी अख्खी भिंत करडी केली. त्यावर एक काळी आडवी रेघ. संपलं!

"हे काय रं?" आत्या.

"दोन जिवांमधलं क्षितिज."

"आन् नाव?"

"नाव लिहिलं की कला संपते, आत्या."

आत्या कपाळाला हात लावून आत गेली. लग्नघरात भांडायला वेळ कुणाला असतो?

हळदीच्या दिवशी नवऱ्याची उष्टी हळद कोपरगावहून यायची होती. ती आली की मगच सोनालीला लागणार. सकाळची वेळ ठरलेली. दुपार झाली तरी हळदीचा पत्ता नाही! फोन करावा तर कोणी उचलेना. सोनाली पाटावर बसून रडकुंडीला आलेली. बायका कुजबुजायला लागल्या.

"लगीन मोडलं का काय गं!" आत्यानं पदर तोंडाला लावला.

मी रस्त्यावर बघायला धावलो. पुढच्याच गल्लीत एका घरापुढे कोपरगावची जीप! त्या घरीही लग्न, आणि तेही उष्ट्या हळदीचीच वाट बघत बसलेले. भिंतीवर हे एवढाले दोन हत्ती. आत बघतो तर पाहुण्यांचं पोहे-सरबत उरकलेलं, समोर भलतीच नवरी, आणि नवऱ्याची मावशी हळदीच्या वाटीत बोटं बुडवून तयार!

"थांबा!" मी बोंबललो. "ही आमची सोनाली नव्हे!"

मावशींचा हात हवेतच राहिला. "अगं बया! मंग तुमची सोनाली कुठंय?"

"मागच्या गल्लीत."

"तिथनंच आलो की आमी! पन त्या घराची भिंत बघून म्हनलं, हितं कोनतरी गेलंय, हितं लगीन कसलं? गुमान जीप म्होरं घेतली. हितं हत्ती दिसलं, मंग नाव कोन वाचतंय! अन् नवरी म्या कुठं बघितलीया?"

मी मान खाली घालून त्यांना घरी आणलं. सोनालीच्या गालाला हळद लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, इतकं हलकं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं! मी तर चक्क रडलो.

आत्यानं डोळे पुसायलाही वेळ दिला नाही. हातात ब्रश कोंबला. "हां, आता हत्ती काढ."

काढले. झुलीसकट काढले!

निघताना मावशी भिंतीपुढे थांबल्या. "झ्याक काढता की वो! दिवाळीनंतर आमच्या धाकल्याचं लगीन हाय. आमची भिंत रंगवाल का? फुकट न्हाई, पैसं देऊ."

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. मी छाती ताणली, बर्लिन आठवलं, तत्त्वं आठवली, आणि ठामपणे म्हणालो,

"मावशी, हत्ती दोन हवेत की चार?"