तारलीच्या पोटातली गोळी

माझी कुत्री मेली त्या सकाळी तिला पुरायला मी गेलो नाही. निरोप आला होता. तिने शेजारच्या काकीच्या पडवीत जीव सोडला होता आणि आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा आहे. मी ओटीवर जाळं दुरुस्त करत होतो. "जिच्याकडे राहिली तिने पुरावी," असं म्हणालो आणि मान खाली घालून पुढची गाठ मारली. कुदळ घेऊन माझी बायको गेली.

मी रागावलो होतो. त्याहूनही, कुत्रीने आपल्याला दगा दिला असं मला मनापासून वाटत होतं. इतकी वर्षं आमच्या होडीच्या इंजिनाचा आवाज ओळखून ती किनाऱ्याच्या पुळणीवर येऊन उभी राहायची. माशांची टोपली उतरायच्या आधी मी त्यातली एक तारली काढून हातावर धरायचो. जमिनीवर टाकलेली ती घ्यायची नाही, दुसऱ्या कोणी दिलेली तर नाहीच. बाजूचे होडीवाले चिडवायचे, "घरात बायको आहे ना रे? मग पहिला वाटा हिला कसा?" मला ते आवडायचं.

उन्हाळ्यात ती खंगायला लागली. सारखं पाणी प्यायची, ओकायची. रिक्षात घालून तिला रत्नागिरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, ते म्हणाले. बरी होणार नाही, पण सकाळ-संध्याकाळ गोळ्या दिल्यात तर थोडे दिवस मिळतील. मला ते दिवस हवे होते.

नुसती गोळी ती थुंकून टाकायची. मग मला युक्ती सुचली. तारलीचं पोट फाडून आत गोळी बसवली आणि हात पुढे केला. तिने नेहमीसारखी घेतली, चावली, थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. तरी गिळली. पुढचे काही दिवस घेत राहिली. मग हुंगून सोडायला लागली आणि त्यानंतर माझा हात दिसला की मान फिरवायला. शेवटी बायकोला तिचे पाय धरायला लावून मी तिचा जबडा उघडायचो, गोळी घशात ढकलायचो आणि तोंड मिटून धरायचो. "तुझ्याच भल्यासाठी गो," म्हणायचो. ती कधी गुरगुरलीसुद्धा नाही.

होड्या वर ओढून झाल्या, पावसाने जोर धरला, आणि एक दिवस ती गडग्याच्या खिंडारातून काकीकडे गेली. काकी एकटी राहते, मुलगे मुंबईला. मी हाक मारली की कुत्री तिथूनच बघायची, शेपटी एकदा जमिनीवर आपटायची, पण उठायची नाही. उचलून आणली तरी पुन्हा तिकडेच. आणि तिथे ती जेवत होती. माझ्या हातचा मासा नाकारणारी ती काकीच्या करवंटीतली पेज चाटूनपुसून संपवत होती. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"काकी, तू माझी कुत्री फोडलीस," मी गडग्यापाशी जाऊन म्हणालो. आजूबाजूच्यांना ऐकू जावं अशाच बेताने.

काकी तांदूळ निवडत होती. "फोडायला ती काय तुझ्या होडीवरचा खलाशी आहे? घेऊन जा की. मी दोरी बांधलेली नाही."

"स्वतःची माणसं टिकली नाहीत, आता लोकांची जनावरं जमव."

काकीने सूप उचललं आणि ती आत गेली. मीही घरी आलो. उरलेल्या गोळ्या मी तिकडे पाठवल्या नाहीत. फळीवर तशाच राहिल्या. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, "पेजेने बरी होईल ती."

ती गेल्यावरही माझा राग गेला नाही. पावसाळा सरत आला, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. पहिल्या दिवशी परत आलो, होडी लावली आणि सवयीने टोपलीतून एक तारली काढून पुळणीकडे पाहत राहिलो. बायको मासे न्यायला आली होती.

"कुणासाठी काढलीत?"

मी तारली मुठीत लपवली.

"काकीकडेही ती सरळ जेवायची नाही," बायको टोपलीत हात घालत म्हणाली. "हात पुढे आला की मागे सरायची. काकी आधी दोन्ही तळहात उघडून तिच्या नाकाशी धरायची. ती हुंगून बघायची, काही नाही ना. मग करवंटीत तोंड घालायची. शेवटपर्यंत असंच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ऐकत होतात?"

मी तारली टोपलीत परत टाकली.

संध्याकाळी साबणाने हात धुतले. तरी माशाचा वास राहिलाच. गडगा ओलांडून गेलो तर काकी पडवीत वाल सोलत बसली होती. मला पाहून तिने ताट थोडं बाजूला सरकवलं, पण मी बसलो नाही. तिच्या परसात माडाच्या आळ्याशेजारी, कुत्रीला पुरलं होतं तिथे, एक चिरा ठेवलेला होता. त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि दोन्ही तळहात उघडून मातीजवळ धरले. काकी बघत होती, त्याची लाज वाटली. तरी थोडा वेळ तसेच धरले. मग पडवीत आलो.

"काकी, तू तिला फोडली नाहीस," मी म्हणालो. "मी तिला फसवत होतो, म्हणून ती गेली. तिचं औषध मी रागापायी अडवून ठेवलं. आणि तुझ्या मुलांवरून बोललो, ते फार वाईट बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."